जिन्याखालचं रीडिंग

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला पहिला प्रश्न विचारला, "झोप किती लागती?"

मी भाडं किती, पाणी कधी येतं, असे प्रश्न घोकून गेले होते. आणि हा माणूस परक्या बाईला झोपेबद्दल विचारतोय. माझ्या मनात पाल चुकचुकलीच. तरी मी म्हणाले, सात तास. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि ते लिहून घेतलं. लिहून! मग माझ्या मागे उभ्या असलेल्या धाकट्या भावाला, योगेशला, भूक कशी आहे म्हणून विचारलं. योगेश हसून म्हणाला, भूक जरा जास्तच आहे काका. तेही लिहिलं.

तिथूनच मागे फिरायला हवं होतं, असं मी पुढचं वर्षभर स्वतःला ऐकवत होते. पण गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत, माझ्या शाळेपासून चालत दहा मिनिटांवर, दोन खोल्या आणि वेगळं स्वयंपाकघर मिळणं ही काही साधी गोष्ट नव्हती. योगेशला त्याच्या कंपनीची बसही कोपऱ्यावरून मिळायची. आईवडील गावी देवळ्याला, कांदा साठवायच्या चाळीत अडकलेले. इथे आम्ही दोघंच. घेतली खोली.

घरमालक, म्हणजे काका, नोकरीत असताना मीटर रीडर होते. निफाडकडचे. दारोदार जाऊन विजेचं रीडिंग घेण्यात जन्म गेला आणि रिटायर झाल्यावरही तो नाद सुटला नाही. आता बाहेर सगळीकडे आपोआप रीडिंग पाठवणारी नवी मीटरं लागली, म्हणून त्यांचा जीव जिन्याखालच्या पेटीत येऊन बसला होता. तिथे आम्हा तीन भाडेकरूंची तीन छोटी मीटरं होती. इतर मालक महिन्याला एकदा बघतात. हे दिवसातून पाच वेळा बघायचे. पहाटे पाचला, नऊला, एकला, संध्याकाळी पाचला आणि रात्री दहाला. गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट, खिशात टॉर्च, पेटीला सुतळीने बांधलेली एक वही. मीटरवर जो लाल दिवा लुकलुकतो ना, त्याच्या लुकलुकण्यावरून ते सांगायचे की वर इस्त्री चालू आहे की गिझर.

आधी मला वाटलं, बिलात गडबड करत असणार. मग वाटलं, चोरांना खबर देत असणार. पण खरं काय ते कळल्यावर मला चोर बरे वाटले असते.

त्या पेटीच्या दाराला आतून एक पत्रक चिकटवलेलं होतं. कुठल्याशा आरोग्य शिबिरात वाटलेलं, मानसिक आजार कसे ओळखावेत त्याचं. झोप न लागणं किंवा नको तितकी लागणं, भूक जाणं, आवडीच्या गोष्टींतलं मन उडणं, अंघोळ-कपड्यांकडे दुर्लक्ष. कारण नसताना भीती, छातीत धडधड. तेच तेच धुणं, तेच तेच तपासणं. लोक आपल्या वाईटावर आहेत असं वाटणं, नसलेले आवाज ऐकू येणं. आणि अगदी शेवटी, मरून जावंसं वाटणं. हे सगळं दोन आठवड्यांच्या वर चाललं तर डॉक्टरकडे जा. "दोन आठवडे" या शब्दांखाली काकांनी पेन्सिलीने दोनदा रेघ मारली होती.

या माणसाने काय केलं होतं, तर ते पत्रक आणि मीटर यांची सांगड घातली होती. गिझर लागला नाही म्हणजे अंघोळ नाही. मिक्सर चालला नाही म्हणजे स्वयंपाकात मन नाही. रात्रभर आकडा सरकतोय म्हणजे झोप नाही. "लोकं तोंडानं मजेत हाय म्हणतात," ते मला एकदा म्हणाले, "मी तोंडाचं रीडिंग घेत नाय." त्यांना वाटायचं की गल्लीतला प्रत्येक माणूस काही ना काही दडवतोय. त्याबाबतीत त्यांचं माझं चांगलं जमायला हवं होतं खरं तर.

चुकायचेही. तळमजल्यावर एक बँकेतले गृहस्थ एकटे राहायचे. त्यांचं मीटर रात्री दोनलाही दुपारी दोनसारखंच पळायचं. काकांनी सोळा दिवस वाट पाहिली, मग दार वाजवून सरळ विचारलं, तुम्हाला कसले आवाज येतात का? ते म्हणाले, येतात की, बुडबुड्यांचे. आणि त्यांनी आत नेऊन माशांच्या चार पेट्या दाखवल्या, चोवीस तास पंप आणि दिवे चालू. आम्ही सगळे पोट धरून हसलो. काका हसले नाहीत. त्यांनी वहीत लिहिलं, "मासे."

पण बँकवाल्यांच्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या बाईचं कपड्यांचं मशीन दिवसाला चार-चार वेळा चालायचं, नवरा-बायको दोघंच असताना. काकांनी नवऱ्याला गाठून म्हटलं, बायकोचे हात बघा. नवरा चिडला, मालकाची कॉलर धरून बोलला. पुढच्या महिन्यात तोच गृहस्थ बायकोला डॉक्टरकडे नेऊन आला. तिचे हात धुऊन धुऊन सोलवटले होते आणि ती ते पदराखाली लपवायची. हे मला मालकीणबाईंनी, काकूंनी सांगितलं. मी म्हटलं, काकू, तुम्हाला नाही का त्रास होत याचा? त्या म्हणाल्या, अगं माझंही लिहितात.

मला मात्र त्रास व्हायचा. त्यांची चप्पल जिन्याखाली वाजली की माझ्या छातीत धडधडायला लागायचं. दाराची कडी मी दोन-तीनदा बघून यायची, कोण जाणे, वर आलेच तर. रात्री झोप कुठली? स्वयंपाकघरात दिवा लावून मी पेपर तपासत बसायची आणि मधूनमधून खिडकीतून खाली बघायची, हा माणूस आपल्यावर नजर ठेवून आहे का ते. असा मालक असल्यावर कोणीही सावध राहीलच की.

एकदा माझं डोकं फिरलं. पेटी उघडी होती आणि काका दुपारी एकचं रीडिंग घेऊन झाल्यावर लगेच पुन्हा तेच बघत होते. मी पत्रकातल्या तेच तेच तपासण्याच्या ओळीवर बोट ठेवून म्हटलं, "हे कोणाचं लक्षण आहे काका?"

"माझं," ते म्हणाले. "त्याची गोळी चालू हाय. अकरा वर्षं झाली."

शुगरची गोळी सांगावी तसं सांगितलं. मी वर आले आणि कडी लावली. म्हणजे आपण एका वेड्याच्या घरात राहतोय, आणि तो आपल्याला तपासतोय! हे मी तेव्हा असंच, याच शब्दांत मनाशी म्हणाले. आज लिहिताना लाज वाटते.

योगेशचं स्थळ आलं ते त्याच सुमारास. मुलगी निफाडची, शिकलेली, माणसं चांगली. वडिलांचा जीव त्या स्थळावर अडकला होता. आणि नेमकं तेव्हाच योगेशचं काहीतरी बिनसलं. आधी त्याने क्रिकेटला जाणं सोडलं. मग कंपनीत रजा टाकली, चार दिवसांची, मग आणखी. भूक जरा जास्तच असलेला पोरगा अर्धी पोळी ताटात फिरवत बसायचा. अंघोळीचं नाव नाही. विचारलं की म्हणायचा, ताई, कंटाळा आलाय. मी म्हटलं, लग्नाचं टेन्शन असेल. मग म्हटलं, आळस आहे. आईने देवळ्याहून अंगारा पाठवला, तो उशाखाली ठेवला. देवळ्याहून रोज फोन, वडिलांचा एकच प्रश्न, "पोऱ्या बरा शे ना?" मी रोज सांगायची, एकदम मजेत.

एका सकाळी काका बाजारात गेलेले बघून मी ती वही उघडली. आमच्या पानावर लिहिलं होतं: "वरचे. गिझर एकदाच, नऊ दिवस. दिवा रात्रभर. झोप नाही. बोलायला पाहिजे."

मी वही मिटली आणि कोणी बघत नाही ना ते पाहिलं. कारण आता यात त्यांची नुसती नसती उठाठेव राहिली नव्हती. आमच्याकडे स्थळ पक्कं करायच्या आधी मुलीकडचा एखादा काका-मामा मुलाच्या गल्लीत येऊन गुपचूप चौकशी करतो. किराणावाल्याला विचारतो, शेजाऱ्याला विचारतो आणि घरमालकाला तर विचारतोच. इथे मालक निफाडचा, मुलगी निफाडची. यांनी एवढं वाचून दाखवलं की योगेशचं लग्न मोडलं. आणि एकदा का "मुलाच्या डोक्यात काहीतरी आहे" असं पसरलं की दुसरं स्थळही यायचं नाही. कळवणपासून येवल्यापर्यंत नातं पसरलंय आमचं.

मग मी जे केलं ते सांगते. मी मीटरला फसवायचं ठरवलं.

पहाटे साडेपाचला उठून मी योगेशच्या वाटचा गिझर लावायची. बरोबर वीस मिनिटं. मोबाइलवर वेळ लावून. पाणी बादलीत काढायची आणि त्यात कपडे भिजवायची. नऊच्या आधी मिक्सर फिरवायची, वाटायला काही नसलं तर पाणी घालून. दहा मिनिटं इस्त्री. रात्री दहाच्या ठोक्याला सगळं बंद. योगेशच्या खोलीतला बल्ब मी काढूनच ठेवला. तो अंधारात टक्क डोळे उघडे ठेवून पडलेला असायचा आणि मी स्वयंपाकघरात मोबाइलच्या उजेडात पेपर तपासायची. खालच्या मीटरप्रमाणे वर एक निरोगी कुटुंब वेळेवर अंघोळ करून, चटणी वाटून, गाढ झोपत होतं.

चौथ्या दिवशी काका जिन्यात भेटले. चेहरा मोकळा झालेला. म्हणाले, बरं चाललंय ना आता? मी म्हटलं, छान. आणि खरं सांगते, मला जिंकल्यासारखं वाटलं. योगेशकडे मी त्या दिवसांत धड बघितलंही नाही. मला त्या लाल दिव्याचीच काळजी.

आठव्या दिवशी शाळेत मधल्या सुट्टीत वडिलांचा फोन आला. निफाडच्यांनी नकार कळवला होता. मुलीचे मामा आदल्या दिवशी गल्लीत येऊन गेले म्हणे. किराणावाला चांगलं बोलला, शेजारी चांगले बोलले, पण घरमालकाला विचारलं तर तो तोंडच उघडेना. म्हणजे नक्की काहीतरी आहे, असा त्यांनी अर्थ काढला. वडिलांचा आवाज रडवेला झाला होता. मी उरलेले तास कसे घेतले माझं मला माहीत. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. काय काय बोलायचं ते मी वाटेत जुळवत आले.

बघते तर जिन्याखाली, पेटीजवळ, काका आणि योगेश दोन स्टुलांवर शेजारी शेजारी बसलेले. योगेशच्या हातात पोह्यांची बशी, अर्धी संपलेली. सहा-सात दिवसांत तो पहिल्यांदा खोलीबाहेर आला होता. ते बघूनही मला काही सुचलं नाही. मी भांडायलाच सुरुवात केली. मामांना काय सांगितलंत, तुमचं काय वाईट केलं होतं आम्ही, माझ्या भावाचं आयुष्य तुम्ही उद्ध्वस्त केलंत. तळमजल्यावरची दारं उघडली.

त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, "मामाला मी काय बी सांगितलं नाय. भाडेकरूचं रीडिंग मी बाहेर देत नाय."

"गप्प बसलात म्हणजे सांगितल्यासारखंच झालं!"

"झालं असेल. खोटं बोलायला पायजे व्हतं का?" त्यांनी वही उघडून माझ्यापुढे धरली. "हे सात दिवस बघा. चार पॉइंट दोन. चार पॉइंट दोन. चार पॉइंट दोन. माणसाचं रीडिंग रोज सारखं येत नाय, मॅडम. कधी पाहुणा येतो, कधी डोकं धुतो, कधी आळस करतो. इतकं सारखं म्हंजे कोणीतरी मुद्दाम चालवतंय."

मी आकड्यांवरून बोट फिरवलं. सगळे सारखे.

"पहिले पाच दिवस मी फसलो," ते म्हणाले. "मला वाटलं, पोरगा अंघोळ करायला लागला. मी लिहिलं पण इथं, 'बरं दिसतंय'. त्याच्याशी बोलायचं ठरवलं व्हतं, ते मी सोडून दिलं. पाच दिवस गेले त्यात."

हे बोलताना त्यांना माझ्यापेक्षा स्वतःचाच राग आलेला दिसत होता. मग त्यांनी सांगितलं की आज दुपारी एकचं रीडिंग झाल्यावर ते वर गेले आणि पत्रकातला शेवटचा प्रश्न योगेशला विचारला. माझ्या लक्षात यायला वेळ लागला. शेवटचा कुठला, हे आठवायला लागलं. आठवलं तेव्हा मी योगेशकडे बघितलं.

तो बशीकडे बघत होता. म्हणाला, "मी हो म्हटलं ताई. रोज वाटतं. आधी कोणी विचारलं नव्हतं."

लग्न, मामा, निफाड, नातेवाईक, सगळं कुठल्या कुठे गेलं. मी त्याच्यासमोर जिन्याच्या पायरीवर बसले. माझा भाऊ भिंतीपलीकडे मरणाचा विचार करत पडला होता आणि मी त्याच्या नावाचं गरम पाणी बादलीत ओतत होते. ज्या एका माणसाचं लक्ष होतं, त्याचे डोळे मी माझ्या हाताने बांधले. याला माफी आहे का, मला माहीत नाही. मी मागितली. योगेशची मागितली, काकांची नाही मागता आली त्या दिवशी.

काका म्हणाले, दुपारपासून मी त्याला नजरेआड केलं नाही, आता तुम्हीही करू नका. उद्या सकाळी आठला दवाखान्यात जायचं. त्या रात्री काकू आमच्याकडे झोपायला आल्या. बल्ब मी परत लावला.

योगेशचं पुढे काय झालं ते सांगून टाकते. गोळ्या सुरू झाल्या, जोडीला दर आठवड्याला बोलायला जायचं. पहिला महिना फार जड गेला. मग एके दिवशी त्याने दुसरी पोळी मागितली आणि मी ताटापाशीच रडले. कंपनीने त्याला परत घेतलं. लग्न अजून झालेलं नाही. आता स्थळ आलं की तो स्वतःच आधी सगळं सांगतो. काही जण उठून जातात, सगळे जात नाहीत. वडिलांना अजून पटत नाही, पण ते आता फोनवर माझ्याऐवजी त्यालाच विचारतात, कसा आहेस. काकांची वही अजून सुतळीला आहे आणि आम्ही अजून वरच राहतो.

पण मला सांगायचं होतं ते त्या दुसऱ्या दिवशीच्या खिडकीचं. सरकारी दवाखान्यात आठलाच रांग लागलेली. काका रांगेत सगळ्यात पुढे होते, कारण ते पाचलाच येऊन उभे राहिले होते. आयुष्यात पहिल्यांदा पाचचं रीडिंग सोडून. मी योगेशचा हात धरून बाजूला उभी होते आणि ओळखीचं कोणी दिसतंय का म्हणून चौफेर बघत होते. एक बाई माझ्याकडे दोनदा वळून बघून गेली, ती देवळ्याची तर नसेल? खिडकीतल्या माणसाने नाव विचारलं. काकांनी योगेशचं नाव सांगितलं, वय अठ्ठावीस सांगितलं. केसपेपर मिळाला. मी पुढे झाले तर काकांनी खिडकीवरचा हात काढलाच नाही.

"अजून एक करा," ते आतल्या माणसाला म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "वय सांगा, मॅडम."

मी हळू आवाजात म्हटलं, लोक बघताहेत काका, मला काही झालेलं नाही, मला कशाला ओढताय यात.

"माझ्या वहीत गिझरचं रीडिंग व्हतं ते त्याचं," ते म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच इतका हळू होता. "रातभरचा दिवा स्वयंपाकघरातला. त्याची खोली पुढच्या अंगाला हाय, ती आधीपासून अंधारीच असायची. तो दिवा तुमचा. तीन महिने झाले."

मागचे लोक चुळबुळ करायला लागले. खिडकीतला माणूस पेन धरून थांबला होता. मला चिडायचं होतं, उत्तर तयार होतं, पण छातीत धडधडत होतं, जिन्याखाली काकांची चप्पल वाजल्यावर धडधडायचं तसंच. योगेशने माझा हात दाबला.

"छत्तीस," मी म्हणाले.